टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल

पुतण्याने गेल्या दिवाळीत जुनी मोटारसायकल घेतली. कोरेगावहून साताऱ्याच्या एमआयडीसीत रोजचं जाणं-येणं, ४० किलोमीटर. पंधरा दिवसांतच त्याचा फोन आला, "काका, गाडी पेट्रोल फार पिते."

"ॲव्हरेज किती पडतंय?"

"ते नाही बघितलं. दोनशेचं टाकतो, तिसऱ्या दिवशी काटा खाली."

दोनशेच्या पेट्रोलवरून ॲव्हरेज निघत नाही. टाकीत आधी किती शिल्लक होतं ते माहीत नसतं, आणि काट्यावर तर जाऊच नये. चढावर तो एक सांगतो, उतारावर दुसरंच. पूर्वीच्या गाड्यांना रिझर्व्हचा कॉक असायचा. गाडी रिझर्व्हला लागली की मोजून एक लिटर टाकायचं, कॉक पुन्हा मेनवर करायचा आणि परत रिझर्व्ह लागेपर्यंत चालवायची. मेकॅनिक तर टाकीची नळी काढून पेट्रोलची छोटी बाटली लटकवायचे आणि १०० मिलिलिटरमध्ये गाडी कुठवर जाते ते बघायचे. आता इंजेक्शनच्या गाड्यांना कॉकच नाही, त्यामुळे सरळ मार्ग एकच उरला आहे: टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल.

रविवारी सकाळी आम्ही दोघं पंपावर गेलो. गाडी मेन स्टँडवर लावायला सांगितली, कारण साइड स्टँडवर ती कलते आणि पेट्रोल कमी मावतं. टाकीच्या तोंडातून खाली जी पत्र्याची कड दिसते तिथपर्यंत पेट्रोल आलं की थांबायचं. काठोकाठ भरायचं नाही, उन्हात पेट्रोल फुगतं. मीटरवर १८,२४६. त्याने ते वहीत लिहिलं. नऊ दिवसांनी तोच पंप, तीच सकाळची वेळ, तीच पत्र्याची कड. मीटर १८,५६१, पंपावर ६.४२ लिटर. ३१५ भागिले ६.४२, म्हणजे ४९.

नऊ दिवस कशाला थांबायचं, असं त्याने विचारलं होतं. भरताना १००-२०० मिलिलिटर इकडेतिकडे होतंच. साडेसहा लिटरमध्ये २०० मिलिलिटरची चूक झाली तर हिशोब दीड किलोमीटरने हलतो. एकाच लिटरवर मोजलं असतं तर तेवढ्याच चुकीने तो दहा किलोमीटरने हलला असता. पंपाच्या मापाचीच शंका असेल तर वैधमापनाची मोहोर असलेलं पाच लिटरचं माप पंपावर असतं, ते मागून समोर भरून घ्यावं. तो आपला हक्क आहे.

४९ हा आकडा मला कमी वाटला. गाडी मेन स्टँडवर चढवली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवलं. एक फेरा पुरता होईना, चाक थबकलं. कान जवळ नेला तर ड्रममधून घासल्याचा बारीक आवाज. ब्रेकच्या रॉडचं नट दोन आटे ढिलं केलं, पुन्हा फिरवलं. आता चाक चार-पाच फेरे घेऊन सावकाश थांबलं. पायडल दाबून ब्रेक नीट लागतोय ना तेही बघितलं. मग हवा तपासली. मागे २९ हवी तिथे १९ निघाली. एवढंच केलं. पुढच्या टाकीला ३१९ किलोमीटर, ५.९१ लिटर. ॲव्हरेज ५४.

महिन्याच्या हजार किलोमीटरला ही बचत दोन लिटरपेक्षा थोडी कमी पडते. लिटर शंभराच्या वर आहे. तो एका वेळी जे दोनशेचं टाकायचा, तेवढे पैसे महिन्याला वाचले.

हे वेड मला आबांकडून आलं. आबा एसटीत ड्रायव्हर होते. एसटीत हिशोब दहा लिटरमागे किती किलोमीटर असा, त्याला डेपोत 'केपीटीएल' म्हणतात. आबांची स्वतःची डायरी होती. बस लिटरला साडेचार-पाच द्यायची. लहानपणी मला वाटायचं, या अर्ध्या किलोमीटरसाठी एवढं काय लिहायचं? बरोबरीच्या मुलांचे वडील मोटारसायकलच्या ऐंशीच्या ॲव्हरेजच्या गोष्टी सांगायचे. पुढे मी कागदावर मांडून बघितलं. दिवसाला ३०० किलोमीटर धावणारी बस साडेचारवरून पाचवर आली तर रोज साडेसहा लिटरच्या वर डिझेल वाचतं. मोटारसायकल पन्नासवरून साठवर गेली तर तेवढ्याच अंतरात एकच लिटर. लिटरमागे किलोमीटर मोजण्यात हे झाकलं जातं. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर लागले असं मोजतात, त्यात ते लगेच दिसतं. ज्यांच्या घरी मोटारसायकलही आहे आणि मालाचा टेम्पोही, त्यांनी आधी टेम्पोकडे बघावं.

जाहिरातीतला आकडा पडत नाही म्हणून लोक चिडतात. तो आकडा रस्त्यावरचा नसतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, तिथे गाडी बंद खोलीत रोलरवर ठरवून दिलेल्या कमी-जास्त वेगांनी पळवतात, सायलेन्सरमधून निघालेल्या वायूंमधला कार्बन मोजतात आणि त्यावरून इंधनाचा हिशोब काढतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो चोख आहे, पण आपल्या रस्त्यावर, आपल्या वजनासह गाडी किती देईल ते त्यातून कळत नाही. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. म्हणजे कागदावर सहा-सात टक्क्यांचा फरक इंधनातच आला. प्रत्यक्षात तो इंजिनाप्रमाणे बदलतो. ज्याच्याकडे जुनी वही आहे, त्याला तो स्वतःच्या गाडीपुरता बघता येतो.

आबांच्या डायरीत आकड्यापुढे दोन-तीन शब्द असायचे: 'पाऊस', 'यात्रा, उभे प्रवासी', 'घाटात दोन तास'. पुतण्याला मी त्याबद्दल काही बोललो नव्हतो. परवा त्याने वहीचा फोटो पाठवला. तिसऱ्या नोंदीला ॲव्हरेज ५१, आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं: 'आई मागे. सज्जनगड.'