क्रमांकांची टीका

बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ या ध्वनिमुद्रिकेला ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकानें २००३ सालीं सर्वकालीन पांचशें मुद्रिकांत पहिलें आसन दिलें. २०१२ च्या यादींतहि तें कायम होतें. २०२० सालीं मात्र तिला चोविसाव्या जागीं बसविण्यांत आलें. मधल्या आठ वर्षांत मूळ गाण्यांतील एकहि स्वर बदलला नव्हता. बदलले ते मतदार. असल्या मोजदादीला जे टीका म्हणतात त्यांच्याशीं आमचा वाद आहे.

१९६७ सालीं ही मुद्रिका निघाली तेव्हां केनेथ टायनन या नामांकित नाट्यटीकाकारानें ती पाश्चात्य संस्कृतीच्या इतिहासांतील निर्णायक घटना ठरविली. स्तुतीच्या या महापुरांत रिचर्ड गोल्डस्टीन या बावीस वर्षांच्या तरुणानें १८ जूनच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें प्रतिकूल परीक्षण लिहिलें. त्याचें म्हणणें असें कीं, ध्वनिमुद्रणशाळेंतील करामतींनीं या मंडळींना भुरळ घातली आहे. प्रतिध्वनि, हार्प, वाद्यमेळ यांचा थाट दिपवून टाकतो, पण गाण्यांत जीव थोडा. ‘अ डे इन द लाइफ’ या शेवटच्या गीताची मात्र त्यानें मनापासून वाखाणणी केली होती. हें कोण लक्षांत घेतो? वाचकांच्या निषेधपत्रांचा त्याच्यावर पाऊस पडला, आणि पुढेंहि त्याचें नांव निघत राहिलें तें फसलेला टीकाकार म्हणून. हा उघड अन्याय आहे.

त्याचें मत आम्हांसहि सर्वस्वीं मान्य नाहीं. पण तें खोडावयाचें तर आम्हांला मुद्रिकेकडेच परत जावें लागतें. जॉर्ज हॅरिसननें १९६६ च्या सप्टेंबरांत मुंबईस येऊन रविशंकरांजवळ सतारीचे धडे घेतले; पुढच्या वर्षीं त्याच्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतांत दिलरुबा, तबला व तंबोरा वाजले. त्यांच्या जोडीस जॉर्ज मार्टिननें आठ व्हायोलिनें व तीन चेलो यांची योजना केली, आणि तीं वाद्यें दिलरुब्याची मींड उचलूं पाहतात. कागदावर मांडलेल्या दोन स्वरांच्या मधली वाट पाश्चात्य वादकाला चालावयास लावणें सोपें नव्हे. ही योजना गीताच्या अंगची आहे. वरून चढविलेला दागिना नव्हे. येथें गोल्डस्टीनचा आक्षेप टिकत नाहीं. (गीताचे शब्द उपदेशाकडे झुकतात, हें खरें. आपलीं वाद्यें ऐकूं येतांच ज्यांचा ऊर भरून येतो त्यांनीं तेंहि ऐकावें.) उलट ‘मिस्टर काइट’च्या गीतांत वाफेच्या ऑर्गनच्या फिती कापून वाटेल तशा जोडल्या आहेत, तेथें त्याचें म्हणणें खोडणें आम्हांला जड जातें.

आतां चोविसावा क्रमांक आम्ही कशानें खोडावा? तेविसाव्या जागीं त्याच १९६७ सालची व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची मुद्रिका आहे. ती एका पायरीनें वर कां? यादी सांगत नाहीं; आणि मतांची बेरीज करणाऱ्यास तरी तें कोठून ठाऊक असणार?