डेन्मार्कच्या राजाची सनद

२३ फेब्रुवारी १८२७ रोजी डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने हुगळीकाठच्या श्रीरामपुरातल्या एका लहानशा ख्रिस्ती कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. २०२६ मध्ये त्या सनदेला दोनशेवे वर्ष लागले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे निघायला तेव्हा अजून तीस वर्षे होती.

श्रीरामपूर म्हटले की आपल्याला उसाच्या पट्ट्यातले आपले श्रीरामपूर आठवते. हे श्रीरामपूर बंगालचे, त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यातले. नदीपलीकडे बराकपूरला इंग्रजांची छावणी. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनऱ्यांची लुडबूड नको होती, म्हणून विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड हे तिघे इंग्रज डेनिश गव्हर्नरच्या आश्रयाला राहिले. कॅरी मूळचा जोडे शिवणारा. मराठीवर त्याचे ऋण आहे ते वेगळेच. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवता शिकवता त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश छापला. कोशातले मराठी शब्द मोडीत आहेत आणि त्यामागे वैजनाथ पंडितांची मेहनत आहे. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या कॅरीचे. तेव्हाची रीतच तशी.

१८१८ मध्ये या तिघांनी ३७ मुलांनिशी कॉलेज काढले. हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. तरी वर्गात ख्रिस्ती मुलांच्या जोडीला हिंदू मुले होती, अभ्यासाला संस्कृत होते आणि युरोपातले विज्ञानही. जात, वर्ण किंवा देश प्रवेशाच्या आड येणार नाही, हे पुढे नियमांतच लिहिले गेले.

मार्शमन स्वतः कोपनहेगनला जाऊन सनद घेऊन आला. आणि मग काय झाले? काहीच नाही. कॅरी १८३४ मध्ये गेला, मार्शमन १८३७ मध्ये. वॉर्ड तर सनदेच्या आधीच वारला होता. पैशाची ओढाताण होती आणि माणसेही पुरेशी नव्हती. १८४५ साली डेन्मार्कने श्रीरामपूर आणि दक्षिणेतली आपली वसाहत तरंगमबाडी मिळून साडेबारा लाखांना इंग्रजांना विकून टाकली. गावच्या गाव विकले जात असताना कॉलेजचे हक्क अबाधित राहतील असे एक कलम करारात घालायला मात्र कोणी विसरले नाही. या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आम्हाला हीच वाटते. पुढे सरकारी नोकरीसाठी कलकत्ता विद्यापीठाची पदवी लागू लागली, तेव्हा पदवीचा अधिकार पेटीत असलेले हे कॉलेज मुकाट्याने त्याच विद्यापीठाला संलग्न झाले. १८८३ मध्ये तर पदवीचे वर्गही बंद पडले.

जॉर्ज हॉवेल्स या प्राचार्यांनी विसाव्या शतकात ती पेटी उघडली. १९१५ साली सनदेखालच्या पहिल्या बी.डी. म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्या दिल्या गेल्या, त्याही तिघांनाच. राजाच्या सहीला तोवर ८८ वर्षे झाली होती. हल्ली विधानसभेत विधेयक मंजूर झाले, की पुढच्या जूनला खासगी विद्यापीठाचे फलक चौकाचौकांत लागतात. त्यांच्या चालकांना हा ८८ चा आकडा छपाईची चूक वाटेल. १९१८ च्या कायद्याने सिनेट स्थापन झाली आणि इतर धर्मशास्त्र महाविद्यालयांनाही या पदव्यांची वाट मोकळी झाली.

आजही श्रीरामपूरला एकाच आवारात दोन कारभार चालतात. बी.ए., बी.एस्सी.ची मुले कलकत्ता विद्यापीठाची आणि धर्मशास्त्राची मुले सनदेची. या सनदेची पोच महाराष्ट्रापर्यंतही आहे. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. तिथून बी.डी. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातातला कागद श्रीरामपूरच्या सिनेटचा असतो. गाव विकून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली, डेनिश राज्य तिथून कधीच उठले. कोपनहेगनची ती सही अजून चालते.