चालण्याची नक्कल आणि चालण्याला जोड

घडी घालून पलंगाखाली सरकवता येणारी ट्रेडमिल, खोलीच्या कोपऱ्यात मावणारी सायकल, दाराला अडकवायचे रबरी पट्टे अशा आटोपशीर व्यायामसाधनांचा पुरस्कार जर्मनीत चार मुद्द्यांवर केला जातो. हिवाळ्यात बाहेर उजेड नसतो. रस्ते निसरडे होतात. घरात हव्या त्या वेळी व्यायाम करता येतो. आणि यंत्रावर श्रम मोजता येतात. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. मात्र त्यातून बाहेरचे चालणे सोडून यंत्र घ्यावे, हा निष्कर्ष निघत नाही.

चारांपैकी उजेडाचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. नोकरदार अंधारात घर सोडतो, अंधारातच परततो. पण दिवसाचा मधला भाग मोकळा करण्याची सोय कायद्यातच आहे. सहा तासांहून अधिक काम असेल तर किमान 30 मिनिटांची सुट्टी बंधनकारक असते आणि ती 15-15 मिनिटांच्या दोन भागांत घेता येते. कार्यालयातील टेबलावर साधारण 500 लक्स प्रकाश अपेक्षित असतो. ढगाळ दुपारीही बाहेरचा उजेड त्याच्या कित्येक पट असतो. झोप-जागेचे चक्र ताळ्यावर राहते ते या उजेडाने, आणि दिवाणखान्यातील ट्रेडमिल तो देऊ शकत नाही. चालण्याच्या कैवाऱ्यांनीही येथे एक दावा मागे घ्यायला हवा. जर्मनीच्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च या काळात सूर्यकिरणांतून त्वचेत पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. सावळ्या त्वचेला तर त्यासाठी अधिक ऊन लागते. तेव्हा हिवाळी फेरी कितीही हितकर असली, तरी ती ड जीवनसत्त्वाचा उपाय नव्हे.

निसरड्या रस्त्यांबाबत दोन्ही टोके चुकीची आहेत. हवा कधी वाईट नसते, कपडे तेवढे चुकीचे असतात, अशी जर्मन म्हण आहे. पण पाऊस जमिनीवर पडताच गोठून काचेसारखा थर धरतो, त्या दिवशी कोणताही कोट कामाचा नाही. अशा दिवशी घरातच थांबावे. मात्र असे दिवस म्हणजे सगळा हिवाळा नव्हे. घरासमोरच्या पदपथावरील बर्फ हटवण्याची आणि तेथे खडी किंवा वाळू टाकण्याची जबाबदारी नगरपालिकांच्या नियमांनुसार बहुधा घरमालकावर असते. अनेक गावांत कामाच्या दिवशी हे काम सकाळी सातपर्यंत झालेले असावे लागते. मोजक्या दिवसांच्या अडचणीसाठी वर्षभराची वाट सोडणे हा तोट्याचा सौदा आहे.

‘हव्या त्या वेळी’ हा मुद्दा तर भाड्याच्या घरात फार टिकत नाही, आणि जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते. रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. अनेक इमारतींच्या नियमांत दुपारची विश्रांतीही असते. ट्रेडमिलवरील पावलांचा दणका जमिनीतून खालच्या मजल्यावर पोचतो. खाली अंथरलेली चटई तो कमी करते, पुरता थांबवत नाही. चुंबकीय रोधाची सायकल शांत चालते, म्हणून तिला हा आक्षेप लागू नाही. पण रात्री अकराला शेजाऱ्याची झोप न मोडता फिरायचे असेल, तर रस्ता अधिक मोकळा आहे.

श्रम मोजण्यासाठीही यंत्र लागतेच असे नाही. म्युनिकचे वैद्य माक्स योझेफ ओर्टेल यांनी 1880 च्या दशकात हृदयरोग्यांसाठी चढाच्या वाटांवर चालण्याचा उपचार मांडला. चढ किती आणि अंतर किती, हे ठरवून रोग्याला क्रमाने अवघड वाटेवर नेले जाई. आज ते काम हातातले घड्याळही करते.

खंडन येथे संपते. आता यंत्राच्या बाजूचे खरे बळ मान्य करायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. त्याबरोबरच आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायामही सांगितला आहे. रोज अर्धा तास झपझप चालणारा माणूस पाच दिवसांत पहिली अट पूर्ण करतो, पण त्याचे खांदे, छाती, पाठ आणि हात जवळजवळ रिकामेच राहतात.

म्हणून साधन निवडण्याची कसोटी अशी ठरते: ते चालण्याची नक्कल करते, की चालण्याने न होणारे काम करते? ट्रेडमिल पहिल्या वर्गात येते. रबरी पट्टे आणि डंबेल दुसऱ्या. घरगुती साधनांचा जुना वारसाही दुसऱ्याच वर्गातला आहे. सँडो बनियनमुळे ज्याचे नाव मराठी घरांत पोचले तो ऑयगेन सँडो 1867 मध्ये प्रशियातील क्योनिग्सबर्गमध्ये जन्मला, आणि त्याने विकली ती स्प्रिंगची डंबेल आणि ताणायची साधने. त्याच्याही आधी, 1855 मध्ये, लाइपझिगचे वैद्य मोरित्झ श्रेबर यांनी साधनांशिवाय खोलीत करायच्या व्यायामांचे पुस्तक काढले होते. मराठी घरांतील जोर-बैठकाही त्याच जातीच्या.

नक्कल करणाऱ्या यंत्राला अपवाद म्हणून जागा आहे. गुडघ्याच्या विकारात वजन न पेलता पाय हलवायचे असतील, तोल जाण्याची भीती असेल, किंवा झोपलेल्या मुलाला एकटे ठेवून बाहेर पडता येत नसेल, तर सायकल चालण्याची योग्य बदली ठरते.

इतरांसाठी बाहेरची सोय मुबलक आहे. देशाचा सुमारे एक तृतीयांश भाग वनांखाली आहे, आणि 1975 च्या संघीय वन कायद्याने खासगी वनातही विरंगुळ्यासाठी कोणालाही जाता येते. 1970 मध्ये जर्मन क्रीडा महासंघाने ‘ट्रिम डिश’ मोहीम सुरू केली. त्या काळात वनवाटांवर ठिकठिकाणी व्यायामाची ठाणी उभी राहिली. तेथे फेरीबरोबर बारला लटकणे, ओंडक्यावर तोल सांभाळणे हेही होते. ज्याच्या जवळ अशी वाट आहे, त्याचा चालण्याचा आणि ताकदीचा व्यायाम एकाच फेरीत होतो. ज्याच्या जवळ नाही, त्याला चालण्याच्या जोडीला रबरी पट्ट्यांचा एक जोड पुरतो.