स्वस्त शाईपेनाची पारख

शाईपेन म्हणजे गतकाळाचे स्मरणचिन्ह, असा समज सुशिक्षित घरांतही दृढ झाला आहे. एकीकडे हजारो रुपयांची पेने भेटवस्तू म्हणून मिरवली जातात, तर दुसरीकडे मुलांच्या दप्तरातील बॉलपेने रिकामी होऊन कचऱ्यात जातात. या दोन टोकांच्या मध्ये शे-दोनशे रुपयांचे साधे शाईपेन उभे आहे आणि रोजच्या लेखनाला तेच योग्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पेनाचे मोल बाह्यरूपावर व नाममुद्रेवर ठरते. लेखन मात्र निब आणि तिच्याखालची जीभ करतात. जिभेच्या सूक्ष्म खाचांतून शाई खाली उतरते व हवा वर जाते. १८८४ साली अमेरिकेत लुईस वॉटरमन याने ज्याचे पेटंट घेतले, ते हे तत्त्व स्वस्त आणि महाग पेनांत सारखेच आहे.

उणीव आहे ती सातत्याची. एकाच बनावटीच्या दोन पेनांपैकी एक झरझर चालते, दुसरे कागद ओरखडते. म्हणून विकत घेण्यापूर्वी निब शाईत बुडवून 'क्ष', 'ळ', 'श्री' ही वळणाची अक्षरे लिहून पाहावीत. रेघ तुटू नये, खरखर जाणवू नये. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई पुष्कळ मावते. पण ती कमी झाली की हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावते आणि कागदावर थेंब पडतो. तेव्हा पेन निम्मे रिकामे होताच भरावे. अधूनमधून साध्या पाण्याने धुवावे. चित्रकलेची काळी शाई मात्र कधीही भरू नये. ती आत सुकून मार्ग बंद करते.

कार्बनप्रत काढायची असेल किंवा वहीचा कागद शाई फुटणारा असेल, तर बॉलपेनच बरे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तीन तासांची उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे काय? बॉलपेन दाबावे लागते, शाईपेन नुसते टेकवले तरी चालते. बोटांवरचा ताण हलका होतो आणि अक्षराला सावकाशीची शिस्त लागते.

या वस्तूमागे स्वदेशीचा इतिहासही आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींच्या प्रेरणेने देशी पेन घडविले. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा उद्योग उभारला, तोच पुढे 'कॅम्लिन' झाला. त्या कंपनीची बहुसंख्य मालकी २०११ साली जपानच्या कोकुयोकडे गेली. उद्योग नुसत्या अभिमानावर टिकत नाहीत. त्यांना रोजचे गिऱ्हाईक लागते.

निब बदलून देणारा दुकानदार आज क्वचितच सापडतो. मागणीच उरली नाही, तर तोही नाहीसा होईल. येत्या जूनमध्ये दप्तराची खरेदी करताना पालकांनी एक साधे शाईपेन आणि शाईची एक दौत अवश्य घ्यावी. वस्तू जपून वापरण्याचा संस्कार मुलांना त्यातून आपोआप मिळेल.