जमिनीचा दावा आणि झोळीतलं पोर



मागच्या तालुका बैठकीत नऊ विषय होते. आठ विषय दाव्यांचे. पंचनामे, मोजणी, नकाशे, फेटाळलेल्या फायली. नववा विषय अंगणवाडीचा. तो येईपर्यंत निम्मे लोक एसटी पकडायला उठले होते. एक जुने साथी मला म्हणाले, "पोरी, आधी जमीन हातात येऊ दे. अंगणवाडी म्हणजे काय, खिचडी वाटायची जागा." दादांनी जमिनीसाठी लाठ्या खाल्ल्या आहेत, त्यांचा मी मान ठेवते. पण हे म्हणणं मला पटलं नाही. का ते लिहिते.

आमच्या घरात बारावी पास झालेली मी पहिलीच. पण माझी मोठी बहीण दुसरीतून घरी बसली. आई आवणीला जायची, गवत कापायला जायची, दिवाळी झाली की वीटभट्टीवर. मी तेव्हा झोळीत होते. मला धरायला कोणीतरी पाहिजे होतं. सात वर्षांची पोर, तिच्या कमरेवर मी. आज मी तुमचे दाव्याचे फॉर्म भरते आणि माझ्या बहिणीला भट्टीवाल्याच्या वहीत तिच्या नावापुढे किती उचल लिहिली आहे ते वाचता येत नाही. माझी बारावी तिच्या दुसरीतून आली आहे. आपापल्या पाड्यात मोजून बघा, अशा किती बहिणी निघतील.

म्हणून मी म्हणते, लहान पोराचं शिक्षण हा एकट्या पोराचा प्रश्न नाही. तो त्याच्या आईच्या मजुरीचा आणि ताईच्या शाळेचा पण प्रश्न आहे. घराला आधार दिला तर पोर शिकेल.

हे काही नवीन नाही. 1945 साली आपल्या वारली लोकांनी वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. त्याच साली, त्याच डहाणू भागात, बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं. 1957 ला ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्या आईबापाला बोल लावत बसल्या नाहीत. पोरं का येत नाहीत ते त्यांनी पाड्यात जाऊन बघितलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. धाकटं भावंडं सांभाळणाऱ्या पोरींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारी वर्गात बसायचं. माझ्या बहिणीला एवढंच पाहिजे होतं.

2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाड्या झाल्या. पण अंगणवाडीत बसतात तीन ते सहा वर्षांची पोरं, ती पण काही तास. तीन वर्षांच्या आतल्या पोराचा आहार घरी मिळतो, पण त्याला दिवसभर बघणार कोण? आई उजाडताच कामाला जाते, अंधारात येते. अंगणवाडी त्याच्या कितीतरी आधी बंद. म्हणजे ताई अडकलेली ती अडकलेलीच. आणि यात सेविकाबाईला शिव्या देऊन भागणार नाही. तिला पगार नाही, मानधन आहे, आणि रजिस्टरांचा ढीग आहे. ती पण आपल्यातलीच बाई आहे.

आता कायद्याचं ऐका, कारण कायदा आपल्या हातात आहे.

एक. ज्या वनहक्क कायद्यासाठी आपण भांडलो, त्याच्या कलम 3(2) मध्ये तेरा सोयी लिहिल्या आहेत, ज्यासाठी वनजमीन देता येते. त्यात शाळा, दवाखान्याबरोबर अंगणवाडी आहे. जागा एक हेक्टरपेक्षा कमी, तोडायची झाडं हेक्टरी 75 पेक्षा जास्त नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. आमच्या पाड्यात अंगणवाडी एका घराच्या पडवीत भरते, पावसात भरतच नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "जागा फॉरेस्टची, बांधता येणार नाही." ग्रामसभेचा ठराव नव्हता म्हणून आम्ही गप्प परत आलो. ठराव करणं आपलं काम होतं, ते आपण केलं नाही.

दोन. 13 डिसेंबर 2006 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची 40 पोरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांत ती दिली पाहिजे. आपण पोरं मोजली आहेत का? दाव्यासाठी आपण झाडं मोजली, बांध मोजले, विहिरी मोजल्या.

तीन. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात लिहिलं होतं, कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असतील तर त्यांच्यातलीच एक बाई पोरं सांभाळायला ठेवायची आणि तिला मजुरी द्यायची. आपल्या पाड्यात किती कामांवर अशी बाई बघितली? मी एकदाही नाही. पोरं झाडाच्या सावलीत, आणि सावलीबरोबर पोरांना सरकवायला एखादी ताई, तिची शाळा बुडवून.

राहिला भट्टीचा प्रश्न. दिवाळीनंतर घरंच्या घरं भिवंडी, वसईकडे जातात. पाड्यातल्या अंगणवाडीच्या रजिस्टरात नाव राहतं आणि पोर तिकडे मातीत. भट्टीवरच्या पोरांना जवळच्या अंगणवाडीत घ्या, ही मागणी आपण मजुरीच्या मागणीच्या शेजारीच लिहिली पाहिजे.

तर येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने एवढं करावं. सहा वर्षांखालची पोरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या पोरी यांची यादी करावी. अंगणवाडीच्या जागेचा 3(2) खाली ठराव करावा. रोजगार हमीचं काम मागताना पोरं सांभाळणारी बाई त्याच अर्जात मागावी. आणि अंगणवाडीत आपली बोली चालावी, म्हाताऱ्या आजीला गोष्ट सांगायला बोलवावं. पोराला पहिल्या दिवशी परकं वाटलं तर ते दुसऱ्या दिवशी यायचं नाही.

त्या जुन्या दादांना माझं एवढंच सांगणं आहे. जमीन उद्या नावावर होईल. सातबारा घरात येईल. तो वाचायला घरात कोणीतरी पाहिजे ना?

पुढच्या बैठकीत अंगणवाडीचा विषय पहिला ठेवा. एसटी सुटायच्या आधी.