फॉर्म भरताना शेजारी कोण बसतं?

आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीचा हिशेब यंदा शेवटच्या पानावर छापला आहे. इथे बोलायचंय ते निव्वळ पैशाने न होणाऱ्या कामाबद्दल.

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावातली मुलगी बारावीनंतर कॉलेजात नाव घालते, ते दिवस नेमके सोयाबीनच्या पेरणीचे. आईवडील रानात. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि तीन विषय लिहिले की झालं, असं राहिलं नाही. मेजर कुठला, मायनर कुठला, ओपन इलेक्टिव्हला काय घ्यायचं. सत्राला वीस-बावीस श्रेयांक, शिवाय त्या श्रेयांकांचं ऑनलाइन खातं. तीन वर्षांनी पदवी, चार केली तर ऑनर्स. कल्पना चांगली आहे, पण घरात आधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नसेल तर हे विचारायचं कुणाला? त्यात महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचा फॉर्म. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, व्यावसायिक शिक्षणाकडे वळायचं तर जातपडताळणीची व्हॅलिडिटी. एक कागद राहिला की फॉर्म त्रुटीत परत येतो, आणि तो परत आलाय हेही पुष्कळदा मुदत उलटल्यावर कळतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' आणला. नवख्यांसाठी ओळखवर्ग, गटागटाला मेंटॉर शिक्षक. पण प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक दोन-दोन कॉलेजं सांभाळणारे. मेंटॉर बहुधा कागदावरच राहतो.

आपल्या मुलांना इथे अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात अ‍ॅडव्हायझर मिळतो. (ती त्याच्याकडे जात नाहीत, ती तक्रार पुन्हा कधीतरी.) अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने तर २०१२ पासून विद्यार्थ्यांच्या नोंदी रोज तपासायला सुरुवात केली. कुणी चुकीचा विषय घेतला किंवा पायाभूत विषयात घसरला, की अ‍ॅडव्हायझरच आपणहून गाठतो. थोड्या फीसाठी नाव कटण्याची वेळ आलेल्यांना तिथे छोटी मदतही मिळते. पैसा आणि सल्ला तिथे एकाच हातात आहेत.

मग आपण सगळ्यांनी गावाकडच्या या मुलामुलींना आठवड्याला एक फोन करावा का? माझं मत, नको. आपल्यातल्या बहुतेकांनी कॉलेज सोडलं तेव्हा महाडीबीटी नव्हतं, मायनर नव्हता. आपला सल्ला 'जीआरई दे' इथवर येऊन थांबतो आणि ऐकणारी पोरगी उगाच बुजते. तिला हवी गेल्या वर्षी हाच फॉर्म भरलेली, धाराशिवला त्याच एसटीने जाणारी सिनिअर. डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, ती खेड्यातून आलेल्या मुलांसाठीच. तिथल्या वसतिगृहातली खोली जितकी मोलाची, तितकीच शेजारच्या खोलीतल्या मोठ्या मुलांची सोबत. बेंबळीहून रोज ये-जा करणारीला अशी शेजारची खोली नसते.

तेव्हा प्रस्ताव असा : निधीतला काही भाग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना तासाप्रमाणे मानधन म्हणून द्यावा. जून ते दिवाळी त्यांनी प्रत्येकी चार-पाच नवख्यांना सांभाळावं. काम फुकट करून घेऊ नये; त्यांनाही बसचा पास काढायचा असतो.

खजिनदारांना हे पूर्ण पटलेलं नाही. परदेशी देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच द्यावी लागणार. मग तासांची नोंद ठेवणार कोण, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. धाराशिव-लातूरकडे अशी संस्था कुणाच्या माहितीत असेल तर पुढच्या कार्यकारिणीआधी जरूर कळवा.

— संपादक