निविदेची अट आणि उसाचा दर



गळीत हंगाम संपला की कारखान्यात दुसरा हंगाम सुरू होतो, तो निविदांचा. मशिनरीची दुरुस्ती, गंधक, चुना, पोती, ताडपत्र्या, तोडणी-वाहतुकीचे करार आणि आमच्या शेती खात्याला लागणारे बेणे, रोपे, खते, या सर्वांच्या जाहिराती निघतात. आपण त्या वाचत नाही. आपले लक्ष वजनकाट्याकडे आणि बिलाकडे. निविदा हे संचालक मंडळाचे काम, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून आपण पान उलटतो.

माझे म्हणणे असे की, उसाचे बिल काट्यावर सुरू होत नाही, ते निविदेच्या कागदावर सुरू होते. केंद्र सरकार ठरवते तो एफ.आर.पी. म्हणजे किमान दर. त्यातूनच आपल्याकडे तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. म्हणजे तो करार महाग पडला तर सरळ तुमच्या खिशातून जातो. किमान दराच्या वर काय मिळेल, ते इतर खर्च भागून काय उरते त्यावर. साधा हिशेब करा. ५ लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात खरेदीत ५० लाख रुपये जादा गेले, तर टनामागे १० रुपये गेले. शंभर टन ऊस घालणाऱ्याचे हजार रुपये झाले. खतांच्या पोत्यामागे दोन रुपये जास्त लागले तर आपण दुकानदाराशी भांडतो; इथे कोणी ‘का’ म्हणून विचारत नाही.

आता कायद्याचे पाहू. आपल्या घरातली पोरे-पोरी आज तालुक्याच्या कोर्टात वकिली करतात. त्यांना विचारा, निविदेच्या कायद्यातला पायाचा खटला कोणता? ते मुंबईच्या विमानतळाचा सांगतील. जानेवारी १९७७ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने एक उपाहारगृह व दोन अल्पोपहाराची दुकाने चालवायला निविदा मागविल्या. अट अशी की, निविदा भरणारा दुसऱ्या दर्जाचा नोंदणीकृत हॉटेलचालक असावा व त्यास किमान ५ वर्षांचा अनुभव असावा. काम मिळाले ते अशा इसमाला, ज्याचा कँटीन चालविण्याचा अनुभव दांडगा होता, पण अटीत बसणारी नोंदणी नव्हती. देकारही त्याचाच सर्वांत जास्त होता. मग बिघडले कुठे?

सर्वोच्च न्यायालयाने ४ मे १९७९ रोजी रमणा दयाराम शेट्टी खटल्यात ते सांगितले. न्यायमूर्ती भगवती यांच्या त्या निकालाचे सार असे की, सरकारी संस्थेने जी अट स्वतः घातली ती तिलाच बांधते. अट शिथिल होणार हे आधी माहीत असते, तर आणखी कितीतरी लोकांनी निविदा भरली असती. अटीवर विश्वास ठेवून जे घरी बसले, त्यांच्यावर अन्याय झाला. राज्यघटनेच्या १४ व्या कलमातील समानतेचा भंग तो हाच.

पण वकील मंडळींनी याच निकालाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. प्राधिकरण चुकले असे ठरूनही करार रद्द झाला नाही. अर्जदाराने स्वतः निविदा भरली नव्हती, तो दुसऱ्या कोणासाठी पुढे आला असे न्यायालयाला दिसले, आणि तो पाच महिन्यांहून जास्त उशिरा कोर्टात आला. तोवर ठेकेदाराने खर्च करून काम सुरू केले होते. तात्पर्य, हक्क असला तरी झोपून राहणाऱ्याला कोर्ट उठवीत नाही. पुढे १९९४ मध्ये मोबाईल टेलिफोनच्या परवान्यांबाबत टाटा सेल्युलर खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, आम्ही दराची पारख करीत बसणार नाही, निर्णय कोणत्या रीतीने झाला तेवढे पाहू. म्हणून ‘माझा माल चांगला होता’ म्हणून भागत नाही. जाहिरात, अटी, तुलनात्मक तक्ता व ठराव, हे कागद हातात लागतात.

इथे काही सभासद म्हणतील, “साहेब, नुसत्या अटी पाळून आणि कमी दर बघून काय मिळते? स्वस्तातला माल गळ्यात पडतो.” खरे आहे, आणि आमच्या खात्याला ते जास्त कळते. स्वस्त बेणे घेतले आणि त्यात काणी किंवा गवताळ वाढ निघाली, तर लागणही गेली आणि खोडवाही गेला. पण त्यावर उपाय पाकिटे उघडल्यावर मर्जीचा माणूस निवडणे हा नव्हे. निविदेतच लिहा, को ८६०३२ की फुले २६५, बेणेमळा ९ ते ११ महिन्यांचा, रोगमुक्त, शेती खात्याने प्लॉट पाहून पास केलेला. गुणवत्तेची अट आधी लिहावी; नंतर आठवलेली गुणवत्ता संशयास्पद असते. वाटाघाटींचेही तसेच. केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ मध्येच बजावले की, निविदा उघडल्यावर वाटाघाटी शक्यतो नकोत, अन् अपवादाने केल्याच तर त्या सर्वांत कमी दरवाल्याशीच.

आता मुख्य गोष्ट. हा सगळा कायदा सरकारचा. माझी बहीण भिवंडी तालुक्यात दिघाशीला दिली आहे. तो भाताचा मुलूख. तिथल्या ग्रामपंचायतीने चार नळ विकत घेतले तरी ती घटनेच्या १२ व्या कलमाप्रमाणे ‘राज्य’ ठरते, आणि मनमानी केली तर उच्च न्यायालयात तिला जाब विचारता येतो. आपला कारखाना कोट्यवधींची खरेदी करतो, पण सहकारी संस्था सर्वसाधारणपणे ‘राज्य’ नव्हे. केरळच्या थलप्पलम बँकेच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले, मुंबईची खेप वाचली. पण कोर्ट जवळ आले म्हणून आपली प्रत्येक निविदा तिथे चालेल असे कोणी समजू नये.

मग सभासद उघड्यावर पडला काय? नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला कचेरीच्या वेळेत, फुकट, शेवटचा तपासलेला ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेची व संचालक मंडळाची इतिवृत्ते पाहता येतात. कोणत्या निविदेला मंजुरी दिली, ते इतिवृत्तात असते. ठराविक संख्येने सभासदांनी अर्ज केला तर कलम ८३ खाली चौकशी होते, आणि नुकसान शाबित झाले तर कलम ८८ खाली जबाबदारी ठरवून वसुली निघते. वाद सहकार न्यायालयात नेण्याची वाट वेगळी आहेच. हत्यारे घरात आहेत, गंज चढला आहे इतकेच.

शिवाय आणखी एक विचार करा. आसवणी असलेले सहकारी कारखाने तेल कंपन्यांच्या निविदा भरून इथेनॉल विकतात. तिथे आपण ठेकेदाराच्या जागी असतो. तिथे कोणी अट वाकवून दुसऱ्याला पुरवठा दिला तर आपण केवढा आरडाओरडा करू! देताना जो नियम आपण मागतो, तो घेताना पाळायला नको काय?

म्हणून माझी सूचना तीन कलमी आहे. एक, पाकिटे उघडल्यावर एकही अट बदलू नये. बदलावी लागली तर पुन्हा जाहिरात द्यावी. दोन, ठराविक रकमेवरील प्रत्येक खरेदीचा तुलनात्मक तक्ता याच अंकात छापावा, आणि कमी दर नाकारला असेल तर त्याचे कारण खाली दोन ओळीत द्यावे. तीन, वार्षिक सभेआधी प्रत्येक गटातून दोन सभासदांनी कचेरीत येऊन इतिवृत्त वाचावे. हा कोणावर अविश्वास नव्हे. ज्याचा व्यवहार स्वच्छ, त्या संचालकाला यासारखे दुसरे प्रशस्तिपत्र नाही. कागद बंद राहतो तेव्हाच चावडीवर कुजबुज वाढते, आणि तिचा त्रास प्रामाणिक माणसालाच जास्त होतो.

सभेत आपण दराची घोषणा ऐकून टाळ्या वाजवतो किंवा गोंधळ घालतो. यंदा हात वर करून एवढेच विचारा, तुलनात्मक तक्ता कुठे आहे?

— ऊस विकास अधिकारी